दोनपाखी छप्पर

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटाखालचा आणि घाटावरचा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन आणि वैशाखात डोके फिरवणारे ऊन. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा आधार आणि हवा जराशी नरम. या नरम हवेचा घाटावरच्या माणसाला कोण अभिमान! खामगावचा पाहुणा मुक्कामाला आला की, त्याने मागण्याआधीच आम्ही त्याच्या उशाशी पांघरूण नेऊन ठेवतो आणि वर म्हणतो, "लागेल हो रात्री. हे काही तुमचे खामगाव नव्हे."

पण या अभिमानाच्या भरातही आमच्याकडे बर्फ पडतो असे आजवर कोणी म्हटलेले नाही. बर्फ म्हणजे उसाच्या रसात टाकायचा, नाही तर लग्नात मठ्ठ्याच्या पिंपात. आणि तरीसुद्धा 2014 च्या मार्च महिन्यात चिखली तालुक्यातला माझा कोठा बर्फाच्या ओझ्याने कोसळला. वाचक हसतील, म्हणून सगळे पहिल्यापासून सांगतो. (कोठा म्हणजे गोठा. आमच्या वऱ्हाडात गुरे कोठ्यात बांधतात. धान्याचा कोठा निराळा.)

आमचे जुने घर धाब्याचे. सागाच्या कड्या, त्यावर फळ्या आणि काड्या, त्यावर मातीचा जाड थर, आणि दर वर्षी मृगाच्या आत त्यावर पांढऱ्या मातीचा हात. त्या धाब्यावर आम्ही भाऊ उन्हाळाभर झोपायचो, वाळवणे राखायचो आणि पतंगासाठी भांडायचो. धाब्याला पाखे नाही आणि आढेही नाही, सगळे सपाट. वडील गेल्यावर वाटणी झाली. भांडण न होता झाली, हे मुद्दाम नमूद करतो. कारण पुढे जे झाले त्याला वाटणीचा दोष देऊन मोकळे होण्याची सोय नाही. घराचा उगवतीकडचा भाग धाकट्याला आला, मावळतीकडचा मला.

धाकटा हौशी. त्याने आपल्याकडचे धाबे उतरवले, भिंती विटांनी चढवल्या आणि वर टिनाचे चांगले उतरते छप्पर घातले. त्याच्या मागच्या भिंतीला लागून माझी मोकळी जागा होती. मला कोठा हवाच होता. भिंत आयती उभी, तीही मजबूत. मग चारच्या जागी तीन बाजू उभारल्या की काम झाले, असा हिशेब मी केला. भिंतीत वाशांची टोके खोचली, समोर चार बाभळीचे खांब रोवले आणि वर पातळ टिने टाकून एकपाखी सपरी उभी केली. रुंदी दहा फूट, लांबी सोळा फूट. भिंतीला लावायची परवानगी धाकट्याने एका शब्दात दिली. उतार मी किती ठेवला होता? पाणी वाहून जाईल इतकाच. उतार जास्त दिला की समोरची बाजू फार ठेंगणी होते आणि मास्तराचे डोके टिनाला लागते. चौतीस वर्षे शाळेत मुलांना त्रिकोणाचे गुणधर्म शिकवणाऱ्या माणसाने आपल्या कोठ्याला त्रिकोण दिला नाही, तो असा.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीने धुमाकूळ घातला होता, हे पुष्कळांना आठवत असेल. गहू ओंब्यांवर होता, हरभरा सोंगायला आला होता. आमच्याकडे ती दुपारी साडेतीनच्या सुमाराला आली. आधी वारा पडला. मग पश्चिमेकडे आभाळ हिरवट काळे झाले, आणि पहिली गार टिनावर वाजली तेव्हा मला वाटले, कोणा पोराने दगड मारला. पुढची पंधरा-वीस मिनिटे काही ऐकू आले असेल तर देव जाणे. टिनाखाली उभे राहून गारपीट ऐकणे म्हणजे रिकाम्या पिंपात बसून बाहेरून कोणी ते बडवावे तसे आहे. बायको काही तरी ओरडत होती. तिचे फक्त तोंड हललेले दिसत होते.

नंतर आवाज एकाएकी बदलला. धाकट्याच्या उंच छपरावर साचलेल्या गारा एकदम सुटल्या आणि घसरत, घरघरत माझ्या सपरीवर येऊन कोसळल्या. गारांचा लोटच तो. भिंतीच्या कडेला त्यांचा ढीग लागला, वरून आणखी येतच राहिल्या. भिंतीत खोचलेला एक वासा कडाडला, मग दुसरा, आणि सगळी सपरी भिंतीकडच्या बाजूने खाली बसली. आत दोन बैल होते आणि एक कालवड. कालवड दावे तोडून बाहेर पळाली. एक बैल समोरच्या बाजूला होता, तो वाचला. दुसरा, आमचा पाखऱ्या, वाशाखाली सापडला.

पाऊस ओसरल्यावर अंगण पांढरे झाले होते. पोरे हरखून गारा वेचत होती. आम्ही चौघे-पाच जण फावड्यांनी गारा ओढून पाखऱ्याला बाहेर काढत होतो. जिवानिशी वाचला, पण खांदा कायमचा गेला. त्यानंतर त्याच्या मानेवर जू कधी ठेवता आले नाही.

रात्री झोप येईना, तेव्हा कंदिलाशी बसून (वीज अर्थातच नव्हती) मी पाटीवर हिशेब मांडला. मास्तराचे दुःख असेच असते, ते गणितात उतरते. बर्फ पाण्यापेक्षा किंचित हलका. घनमीटरला नऊशे किलोंच्या थोडा वर. पण गोल गारांच्या ढिगात दोन-पंचमांश जागा पोकळ राहते. म्हणजे गारांचा ढीग घनमीटरला साडेपाचशे किलोंच्या आसपास. भिंतीशी फूटभर उंच आणि चार फुटांवर शून्य होणारा सोळा फुटांचा ढीग धरला, तर वजन सुमारे पाच क्विंटल येते. सोयाबीनची दहा पोती! ती कोणी माझ्या सपरीवर, नेमकी भिंतीच्या कडेला रचतो म्हणाला असता, तर मी त्याला वेड्यात काढले असते. आणि ती रचली कुणाच्या छपराने?

हा शेवटचा प्रश्न हिशेबात नव्हता. तो मनात आला आणि सकाळी तोंडातून बाहेर पडला. मी धाकट्याला म्हणालो, "तुझ्या छपराने माझा कोठा पाडला."

तो गव्हाच्या वावरातून नुकताच आला होता. त्याचा तीन एकर गहू जमिनीला लोळला होता, हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "दादा, गारा काय मी पाडल्या?" आणि आत गेला.

खेड्यात वळचणीवरून जेवढी भांडणे होतात तेवढी बांधावरूनही होत नसतील. कोणाच्या पागोळ्या कोणाच्या अंगणात पडतात यावरून पिढ्या बोलेनाशा झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि शाळेत बसून त्यांना हसलोही आहे. वळचणीचे पाणी आढ्याला चढत नाही, असे वडील म्हणत. ते चढले नाही तरी भावाच्या घरात मात्र शिरते. दीड महिना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एकच भिंत, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे दोघांचे खोकणे ऐकू यायचे.

आमच्या गावात एक निवृत्त सुभेदार आहेत. लडाख, काश्मीर सगळे पालथे घातलेले. ते पाखऱ्याला पाहायला आले आणि पडलेल्या सपरीकडे बघत म्हणाले, "गुरुजी, हे तर गुलमर्गाकडच्यासारखं झालं की. तिकडे उंच छपराखाली ठेंगणं छप्पर कोणी बांधत नाही. बांधलंच तर दुप्पट लाकूड घालते. वरचा बर्फ कधी ना कधी खाली येणारच."

मला मोठी गंमत वाटली. हिमालयातला बर्फ म्हणजे वजनाची परमावधी, अशी माझी समजूत. सुभेदार म्हणाले, ताजा पडलेला बर्फ कापसासारखा हलका असतो, तो बसून बसून आणि भिजून जड होतो. नंतर मी वाचून पाहिले, तर ताजा बर्फ घनमीटरला शंभर किलोंच्या आसपास भरतो. म्हणजे माझ्या कोठ्यावरचा फूटभर गारांचा ढीग साडेपाच फूट ताज्या बर्फाइतका होता! बर्फाळ मुलखातले सुतार वासे जवळजवळ आणि जाड घालतात, पाखे उभे ठेवतात, म्हणजे बर्फ आपोआप घसरून जावा. काश्मिरात पूर्वी छपरात भूर्जपत्रांचे थर घालून वर माती टाकीत आणि वसंतात त्या मातीत फुले उगवत. ज्या भूर्जपत्रावर पोथ्या लिहिल्या तेच छपरालाही! पण लडाखचे त्यांनी सांगितले ते मला सगळ्यांत आवडले. तिथे थंडी भयंकर, मात्र पाऊस आणि बर्फ बेताचाच. म्हणून घरे सपाट मातीच्या छपरांची, पॉपलरच्या लाकडाच्या कड्या घातलेली. "आपलं धाबंच समजा," सुभेदार म्हणाले. "बर्फ पडला की वर चढून फावड्यानं लोटून द्यायचा." कुठे लेह आणि कुठे चिखली! आभाळ कोरडे असले की माणसाला सपाट छप्पर सुचते, एवढेच खरे.

मग मी मिस्त्रीला बोलावले. आमचा मिस्त्री जातिवंत सुतार. कमी बोलणारा आणि बोलला तर समोरच्याला लाज वाटेल असे बोलणारा. त्याने मोडके वासे पालथे-उताणे केले आणि विचारले, "गुरुजी, हे छप्पर कायच्या भरवशावर ठेवलं होतं?"

"भिंतीच्या."

"भिंत कोनाची?"

मी गप्प बसलो.

मी त्याला गुलमर्गाची हकीकत सांगून जाडजूड वाशांचे, जवळजवळ खांबांचे, उभ्या पाख्यांचे छप्पर हवे म्हटले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "गारांचं असं वझं एखांद्या खेपीच येते. आपल्याकडं छप्पर पडत नाही गुरुजी, उडते. तुम्ही वझ्याचा इचार करून राह्यले. वाऱ्याचा कोन करन?"

ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. छप्पर म्हणजे वरून येणारे अडवायचे, एवढेच आपण धरून चालतो. पण मृगाआधीच्या वावटळीत गावोगाव टिने उडतात ती खालून उचलली जातात. वारा छपरावरून जाताना ते वर ओढतो, आणि कोठ्याची एक बाजू उघडी असली की आत शिरून वर ढकलतो. मी पुन्हा पाटी घेतली. ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला 45 किलोंच्या थोडा वर. दहा फूट लांब, तीन फूट रुंद टीन म्हणजे जेमतेम तेरा-चौदा किलो. त्याला वर उचलणारे बल सव्वाशे किलोंचे. आणि आपण त्यावर ठेवतो काय? चार दगड, नाही तर एखादे जुने टायर! दगडाने टीन राहत नाही. टिनाबरोबर दगड मात्र जातो आणि कोणाच्या तरी डोक्यात बसतो. बर्फाच्या मुलखात छपराला उचलून धरायचे असते, आमच्याकडे बांधून ठेवायचे असते. आणि माझ्या कोठ्याला दोन्ही हवे होते.

मिस्त्रीने सांगितले: भिंत सोडा, अंगणाच्या पलीकडे मोकळ्यात बांधा, दोनपाखी बांधा. रुंदी बारा फूट, लांबी अठरा. मधोमध आढे, दोन्हीकडे उतार फुटाला सात इंच. या सात इंचांवर तो अडून बसला. मी कोन काढला तर तीस अंश भरला. इतक्या उतारावर गारा फार वेळ थांबत नाहीत, आणि सपाट छपराला वारा जसा उपसतो तसा या छपराला उपसत नाही. त्याला अंश ठाऊक नव्हते. त्याच्या बापाने सात इंच सांगितले होते.

लाकडाचा प्रश्न आला. सागाचे भाव ऐकून मी लोखंडी नळ्यांचा विचार करू लागलो होतो. त्याच संध्याकाळी धाकट्याचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. नजर पायांकडे. "मोठेबाबा, बाबा म्हणते, धाब्याच्या कड्या मागं पडून हायेत. उधई लागन. लागत असतीन तर घेऊन जा म्हणते."

मी विचारले, "अजून काय म्हणाला?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी मी आणि मिस्त्री कड्या पाहायला गेलो. धाकटा वावरात होता, किंवा वावरात गेला होता. एकोणीस कड्या निघाल्या. एकीवर खिळ्याने कोरलेल्या आडव्या रेघा होत्या; आमच्या उंचीच्या नव्हेत, उंचीच्या रेघा भिंतीवर असतात. पाळण्याची दोरी वर्षानुवर्षे घासून पडलेले ते खाचे होते. मिस्त्रीने त्यावरून बोट फिरवले आणि ती कडी कापायची नाही म्हणून वेगळी काढली. आढे तिचेच झाले. अठरा फुटांना ती पुरली नाही. एक जोड द्यावा लागला, तो त्याने मधल्या कैचीवर घेतला.

कैची मला त्याने तीन काड्यांनी शिकवली. दोन काड्या डोक्याला डोके लावून उभ्या केल्या, वरून बोटाने दाबले. पाय फाकून त्या आडव्या झाल्या. मग दोघींच्या पायांना दोरा बांधून पुन्हा दाबले. दोरा ताठ झाला, काड्या हलल्या नाहीत. कैचीतली खालची तुळई म्हणजे हा दोरा. ती वजन उचलत नाही, पायांना फाकू देत नाही. आणि मधला उभा खांब? इतकी वर्षे मी समजत होतो, तो आढ्याचे ओझे तुळईवर उतरवतो. तसे नसते. तो वरच्या दोन वाशांच्या चिमटीत अडकून खाली लोंबतो आणि तुळईला पोटात झोल येऊ देत नाही. उभा दिसतो, पण लटकलेला असतो. साठी उलटल्यावर हे कळले. शाळेच्या व्हरांड्यात असल्याच कैच्यांखाली मी हयात काढली होती.

साडेचार-साडेचार फुटांवर पाच कैच्या. खांबांच्या बुडाला डांबर फासून, आरपार लोखंडी सळई ठोकून मग खड्ड्यात काँक्रीट. म्हणजे खांब वर निघू म्हणेल तर काँक्रीट घेऊनच निघेल. खांबावरून कैचीला लोखंडी पट्टी, पट्टीला बोल्ट.

आढे चढवायचा दिवस अक्षय तृतीयेचा ठरला, 2 मे. त्याच दिवशी सूर्यास्ताला आमच्या जिल्ह्यातल्या भेंडवळला शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचे भाकीत ऐकायला ही गर्दी होते. गावातली निम्मी तरणी पोरे तिकडे गेलेली. जोड दिलेले आढे उचलायला सहा माणसे हवीत; आम्ही चार. मिस्त्री उन्हाकडे बघून चुळबुळ करू लागला. तेवढ्यात धाकटा आला. कोणी बोलावले ते मी अजून विचारलेले नाही. सदरा काढून त्याने खुंटीला अडकवला आणि आढ्याचे पलीकडचे टोक धरले.

"उचला," मिस्त्री म्हणाला.

आढे वर गेले. मी एका शिडीवर, तो दुसऱ्या.

"अर्धा इंच तुझ्याकडे," मी म्हणालो.

"आता?"

"थोडं परत."

"इतकं?"

"बस्स."

दीड महिन्यानंतरचे आमचे पहिले संभाषण हे. दिवसभर आम्ही फूट आणि इंचांतच बोललो. जेवायला बसलो तेव्हा तो म्हणाला, "पाखऱ्या उभा राहतो का?" मी म्हटले, "राहतो. चालतो थोडा." त्याने भाकरी मोडली. गव्हाचे मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

टिने चढवताना मिस्त्रीने पूर्वेच्या टोकापासून सुरुवात केली. आमचा पावसाळी वारा पश्चिमेचा. पुढचे टीन मागच्यावर चढत गेले की जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करते. हूक पन्हाळीत मारायचा नाही, उंचवट्यावर मारायचा, कारण पाणी पन्हाळीतून वाहते. वळचणीला, आढ्याशी आणि चारी कोपऱ्यांना हूक दुप्पट, कारण वारा आधी कड पकडतो. वळचण फुटाभराच्या पुढे नाही. उतरती लांबी सात फूट आणि वळचण एक, अशी आठ फुटी टिने न कापता बसली. याचा आनंद मला आणि मिस्त्रीला सारखाच झाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वावटळ आली. मी कंदील घेऊन कोठ्यात उभा राहिलो. छप्पर कुरकुरले, पट्ट्या ताणल्याचा आवाज आला. पाखऱ्या कान टवकारून माझ्याकडे बघत होता. त्यानंतर तो चार वर्षे त्याच छपराखाली बसून खात होता आणि गावातली शहाणी माणसे मला बिनकामाचा बैल पोसण्याचा हिशेब विचारीत. तेवढा एक हिशेब मी पाटीवर मांडला नाही.

सकाळी बाहेर आलो तर माझे एकही टीन हललेले नव्हते. धाकट्याच्या छपराचा पश्चिमेचा कोपरा मात्र उचकटला होता. तो शिडीवर चढून बघत होता. मला पाहून म्हणाला, "दादा, तुझ्याकडं हूक उरले असतीन ना?"

अठरा उरले होते. मी पिशवीच नेऊन दिली आणि शिडी धरली. त्यातले बारा लागले. उरलेले सहा हूक अजून त्याच्याकडेच आहेत.